टॅपेटचा आवाज गेला कुठं?

बराकपूरच्या पोस्टिंगवर लिहायचं म्हटलं की लोकांना वाटतं मंगल पांडे, १८५७, झालंच तर गंगेकाठचे जुने इंग्रजी बंगले. ते सगळं आहेच, त्यावर आधी दोन लेख झालेत. आजचा लेख नदीपलीकडचा आहे. बराकपूरच्या घाटावरून नावेत बसलं की समोर श्रीरामपूर. विल्यम केरीने मराठीचं व्याकरण १८०५ साली छापलं ते याच गावात, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. श्रीरामपूरहून लोकलने हावड्याकडे निघालं की काही स्टेशनांनंतर एक विचित्र नावाचं स्टेशन लागतं : हिंदमोटर. कारखान्याच्या नावावरून पडलेलं नाव. आपली ॲम्बॅसॅडर जिथं जन्मली ती ही जागा.

हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ची, गुजरातेतल्या ओखा बंदरावर. १९४८मध्ये कारखाना उत्तरपाड्याला आला. शेवटची ॲम्बॅसॅडर तिथून बाहेर पडली २०१४ साली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथलं काम थांबलं. मी तिथं गेलो तेव्हा भिंतीवर झाडं उगवली होती.

असल्या जागेशेजारी पोस्टिंग मिळाल्यावर माझ्यासारख्या माणसाने जे करायचं तेच मी केलं. एका निवृत्त शिक्षकाच्या घरच्यांकडून १९७२ची मार्क टू विकत घेतली. बॉडी बरी, चाकं बरी, इंजिन मात्र निळा धूर सोडणारं. बायको म्हणाली, "ही चालेल?" मी म्हणालो, "इंजिन बांधून घेऊ की." एवढं सोपं वाटलं होतं मला.

कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतचा रस्ता

पुढचं समजायला थोडा इतिहास लागेल. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह प्रत्येक सिलिंडरला असतात. ते उघडतो कॅमशाफ्ट. प्रश्न एवढाच, की कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवायचा कसा.

सगळ्यात साधं उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये होतं. २२०० सीसीच्या आसपासचं, ६० हॉर्सपॉवरचं 'गो डेव्हिल' इंजिन. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच उभे. खाली कॅम, मध्ये टॅपेट, वर व्हॉल्व्ह. सरळ रेषा. हेड म्हणजे नुसतं झाकण. बिघडायला जागाच कमी, म्हणून वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या चिखलापर्यंत ते चाललं. तोटा असा, की वायूला वळसा घालून जावं लागतं, इंजिनाला नीट श्वास घेता येत नाही, ताकद मर्यादित राहते.

पुढची पायरी आपल्या ओळखीची. स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आपल्याकडे दशकानुदशकं बनत राहिली. बॉनेट उंच का? तर आतल्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर नेला होता आणि धुराचा व्हॉल्व्ह जुन्या जागी खाली ठेवला होता. अर्धं जुनं, अर्धं नवं. हेडची उंची वाढली, म्हणून बॉनेटची वाढली. १९६५मध्ये असल उत्तरला कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या आरसीएल गनने पॅटन टिपत होते. जीप या वाहनाशी आपलं नातं तेव्हापासून भावनेचंही आहे, ते वेगळं सांगायला नको.

तिसरी पायरी ॲम्बॅसॅडरची. इंग्लंडात १९५२मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन बीएमसी कंपनी झाली. त्यानंतर ऑस्टिन घराण्यातलं 'बी सीरिज' इंजिन मॉरिसच्या गाड्यांत बसू लागलं. आपल्याकडे लँडमास्टरमध्ये आणि सुरुवातीच्या ॲम्बॅसॅडरमध्ये जुनं १४७६ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. थोड्याच काळात त्या जागी १४८९ सीसीचं बी सीरिज आलं. त्यात आठही व्हॉल्व्ह हेडमध्ये, डोकं खाली करून लटकलेले. कॅम मात्र खाली ब्लॉकमध्येच. म्हणजे धक्का कॅमवरून टॅपेटला, टॅपेटवरून उभ्या पुशरॉडला, पुशरॉडवरून रॉकरला. रॉकर आपल्या शाफ्टवर सी-सॉसारखा डोलतो आणि दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह खाली दाबतो.

सरळ रेषेची आता कोनाकोनाची वाट झाली. इंजिन चांगला श्वास घेऊ लागलं, पण प्रत्येक सांध्यावर भूमिती आली. ज्या मेस्त्रीने आयुष्यभर जीपची साइड-व्हॉल्व्ह इंजिनं बांधली, त्याला ही भूमिती कधी तपासावीच लागली नव्हती.

मक्खन इंजिन

इंजिन मी एका मशिन शॉपमध्ये दिलं. त्यांनी हेडचं फेसिंग केलं, सीट कापल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, नव्या रिंगा घातल्या. गाडी परत आली तेव्हा आयडलला आवाजच नाही. मेस्त्रीने बॉनेटवर एक रुपयाचं नाणं उभं करून दाखवलं. "साहब, मक्खन!" मीही खूश. बिलावर सही केली, एक माप घेतलं नाही. युनिटमध्ये शस्त्रांची तपासणी असती तर मी एवढ्यावर सही केली असती का? नसती केली.

हिवाळ्यात आई-आण्णा आले. आण्णा ईएमईमधून सुभेदार म्हणून निवृत्त. आयुष्य वाहनांखाली गेलेलं. त्यांना पलाशीचं मैदान दाखवायचं ठरवलं. २३ जून १७५७ला बंगालचं, आणि पुढे आपलंही, नशीब जिथं फिरलं ती जागा. सकाळी निघालो. गेटबाहेर पडण्याआधी आण्णांनी काच खाली घेतली, मिनिटभर ऐकलं आणि विचारलं,

"टॅपेटचा आवाज गेला कुठं रे?"

"आण्णा, मक्खन केलंय इंजिन."

"हं," म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत. सुभेदारसाहेबांचं 'हं' ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याचा अर्थ कळेल.

रानाघाटच्या पुढे गाडी ओढेना. कृष्णनगर यायच्या आत एक सिलिंडर गेला, मागून निळा धूर, आत आई तोंडाला पदर लावून बसलेली. पलाशी राहिलं. ट्रकच्या मागे दोर बांधून परत आलो. त्या तीन तासांत आण्णा एकच वाक्य बोलले. "वाजणारा टॅपेट त्रास देतो, गप्प झालेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो."

ते वाक्य समजावून सांगतो. थंड इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये फट ठेवतात. या इंजिनाला पंधरा थाऊ, म्हणजे जेमतेम ०.३८ मिलिमीटर. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, त्याला ती जागा हवी असते. फट म्हणून थोडी टिकटिक असायचीच. धुराचा व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि ती उष्णता मुख्यतः सीटला टेकलेल्या क्षणी बाहेर टाकतो. फटच उरली नाही, तर तो सीटवर पूर्ण टेकत नाही, थंड होत नाही, आणि कडेने जळतो. माझ्या मेस्त्रीने आवाज बंद करायला फट जवळपास निम्मी ठेवली होती. उरलेली निम्मी तीन महिन्यांत आपोआप खाल्ली गेली.

फट कोणी खाल्ली?

हे शोधायला मदत झाली ती हिंदमोटर स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या फिटरची. आयुष्य त्या कारखान्याच्या इंजिन विभागात काढलेलं, आता घराच्या ओसरीवर एक बाक आणि एक व्हाइस. मी महाराष्ट्रातला म्हणताच हसून म्हणाले, "बर्गी!" भास्कर पंडितांच्या स्वाऱ्यांना पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, पण बंगाल विसरलेला नाही. मी म्हटलं, "दादा, यावेळी बर्गी लुटायला नाही, शिकायला आलाय."

हेड उघडायच्या आधीच पहिला धडा मिळाला. या इंजिनात रॉकर शाफ्टच्या आठ नटांपैकी चार नट हेडलाही धरून ठेवतात. रॉकर काढायचा तर आधी पाणी काढायचं आणि हेडचे बाकीचे सात नटही थोडे थोडे सैल करायचे. नाहीतर हेड वाकतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. दादांनी विचारलं, "तुमच्या मेस्त्रीने पाणी काढलं होतं?" मला आठवलं, नव्हतं.

मग फट खाणाऱ्याचं नाव कळलं. जुन्या लोखंडी हेडमध्ये सीट वेगळी नसते, हेडच्याच बिडात कापलेली असते. पेट्रोलमध्ये शिसं होतं तोवर त्याचा पातळ थर सीटवर बसून गादीचं काम करायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. मुलांच्या फुप्फुसांसाठी आणि मेंदूसाठी ते योग्यच झालं. पण गादी गेली. जोरात चालवलं की तापलेला व्हॉल्व्ह बिडाची सीट कुरतडत वर सरकतो. व्हॉल्व्ह वर सरकला की त्याचं टोक रॉकरच्या जवळ येतं, फट मिटते. मशिन शॉपने सीट आधीच खोल कापल्या होत्या. उरलेलं काम रस्त्याने केलं.

बाणाने दाखवलेली खूण

एवढ्यावर थांबलो असतो तर नवीन व्हॉल्व्ह घालून, फट पंधरा थाऊ करून मोकळा झालो असतो. पण दादांनी व्हॉल्व्ह गाइडमध्ये हलवून दाखवला. गाइड गोल राहिलाच नव्हता, अंडाकृती झाला होता. तीन महिन्यांत! निळा धूर तिथूनच, तेल गाइडमधून खाली जात होतं. "हे फटीमुळे नाही," ते म्हणाले. "हे कोनामुळे."

रॉकर शाफ्टभोवती फिरतो, म्हणजे त्याचं टोक कमानीत चालतं. व्हॉल्व्ह मात्र सरळ खाली जातो. कमान आणि सरळ रेषा यांचं जुळणार नाही, त्यामुळे रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर थोडं घासत पुढे-मागे सरकणारच. ते सरकणं कमीत कमी ठेवणं, हीच सगळी भूमिती.

कसं ठेवायचं? व्हॉल्व्ह बरोबर अर्धा उघडलेला असताना रॉकरचा हात व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात असला पाहिजे. म्हणजे अर्धी कमान काटकोनाच्या वर, अर्धी खाली. ढोबळ हिशोब करा. समजा रॉकरचा व्हॉल्व्हकडचा हात ३६ मिलिमीटर आणि व्हॉल्व्ह ९ मिलिमीटर उघडतो. काटकोन अर्ध्यावर ठेवला, तर टोक आडवं सरकतं ०.२८ मिलिमीटर. तोच काटकोन व्हॉल्व्ह बंद असताना ठेवला, तर सरकतं १.१४ मिलिमीटर. चौपट! कारण आडवं सरकणं हे कोनाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. आकडेमोड शाळेतली आहे, पण ती मी एनडीए सोडल्यापासून असल्या कामासाठी वापरली नव्हती.

माझ्या हेडमध्ये व्हॉल्व्हची टोकं सुमारे १.२ मिलिमीटर वर आलेली निघाली. त्या हिशोबाने सरकणं दीडपटीहून जास्त, आणि तेही टोकाच्या एका बाजूला. इंजिन तीन हजार फेऱ्यांवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा उघडतो. तासाभरात नव्वद हजार वेळा तो दांडा आडवा ढकलला जातो. गाइड अंडाकृती होणार नाही तर काय होईल?

दादांची तपासणीची पद्धत कुणालाही घरी करता येईल. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर पेनने रंग लावायचा. खऱ्या स्प्रिंगऐवजी हलकी स्प्रिंग बसवायची. फट नीट लावून हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवायचा. मग रॉकर बाजूला करून रंग कुठं पुसला गेला ते बघायचं. पट्टा बारीक आणि मध्यावर असेल तर कोन बरोबर. पट्टा रुंद असेल किंवा कडेला गेला असेल, तर चुकलं. माझ्या आठपैकी सहा व्हॉल्व्हवर पट्टा रुंद होता आणि शाफ्टच्या बाजूच्या कडेला गेला होता.

दुरुस्ती

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची, कारण इथंच बहुतेक जण फसतात. रॉकरच्या दोन बाजूंचे दोन वेगळे प्रश्न असतात.

व्हॉल्व्हकडची बाजू बिघडते ती सीट खोल गेल्याने, कारण शाफ्ट जिथल्या तिथं राहतो आणि व्हॉल्व्हचं टोक वर येतं. हेडच्या फेसिंगने ती बिघडत नाही, कारण शाफ्ट आणि व्हॉल्व्ह दोन्ही हेडवरच बसलेत, दोन्ही एकदमच खाली येतात. फेसिंगने बिघडते पुशरॉडकडची बाजू. हेड खाली आलं, कॅम तिथंच, म्हणजे पुशरॉड तेवढा लांब झाला. मग ॲडजस्टरचा स्क्रू वर वर घ्यावा लागतो आणि शेवटी आटे संपतात. माझ्या हेडचं आजवर एकूण एक मिलिमीटर फेसिंग झालं होतं.

झटपट इलाज म्हणून लोक रॉकरच्या पायांखाली शिम घालतात. शाफ्ट वर जातो, पुशरॉडला जागा मिळते. पण व्हॉल्व्हची उंची मूळची असेल, तर याच शिमने व्हॉल्व्हकडचा कोन बिघडतो. शिम हे औषध आहे, मात्रा चुकली की विष.

आम्ही असं केलं. आठही जागी कडक धातूच्या सीट बसवल्या, म्हणजे शिसं नसलेल्या पेट्रोलचा प्रश्न संपला. त्या अशा बेताने कापल्या, की आठही व्हॉल्व्हची टोकं एका पातळीत, मूळ उंचीपेक्षा अर्धा मिलिमीटर वर राहतील. मग रॉकरच्या पायांखाली बरोबर अर्ध्या मिलिमीटरचे शिम. व्हॉल्व्हकडचा कोन जसाच्या तसा मिळाला आणि पुशरॉडची निम्मी जादा लांबीही मिटली. उरलेली निम्मी ॲडजस्टरने आरामात सांभाळली. ज्या पायातून शाफ्टला तेल जातं, त्या शिमला भोक पाडायला मी विसरलो होतो. दादांनी न बोलता ते हातात दिलं.

नवीन गाइड बसवले. पुशरॉड काचेवर लोळवून पाहिले, दोन वाकडे निघाले. टॅपेट जिथले होते तिथंच परत घातले, अदलाबदल नाही. रॉकरच्या टोकांना खड्डे पडले होते. असा खड्डा असला की फीलर गेज खोटं बोलतं. पट्टी खड्ड्याच्या काठांवर टेकते, खरी फट तिच्याहून जास्त असते. ते रॉकर बदलले. सीट बदलल्याने स्प्रिंगची बसवलेली उंची पुन्हा मोजली, कारण व्हॉल्व्ह जेवढा वर सरकतो तेवढी स्प्रिंग सैल पडते.

शेवटी फट. बी सीरिजसाठी 'नऊचा नियम' आहे. व्हॉल्व्हना पुढून एक ते आठ नंबर द्यायचे. आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट लावायची, सहावा उघडा तर तिसऱ्याची, चौथा उघडा तर पाचव्याची. बेरीज नेहमी नऊ. जवानांना शिकवायला याहून सोपं काही नाही. पाचशे किलोमीटरनंतर हेडचे नट क्रमाने पुन्हा कसले, फट पुन्हा तपासली. अर्धा थाऊही हलली नव्हती.

दादांनी पैसे घेतले, पण मोजून, एका रुपयाने जास्त नाही. त्यांच्याकडे शिकायला कुणी येतं का, असं विचारलं. म्हणाले, "कारखाना होता तेव्हा दर वर्षी पोरं यायची." पुढचं बोलले नाहीत. मला रणभूमीवरच्या स्मारकांची सवय आहे. तिथं निदान दगड असतो, नावं असतात. अर्धा मिलिमीटर कुठं ठेवायचा हे ज्यांच्या बोटांना कळत होतं, त्यांच्यासाठी हिंदमोटरला फक्त एक स्टेशन आहे. म्हणून हा लेख एवढा तपशिलाने लिहिला. तुमच्यापैकी कुणाच्या गोठ्यात, गॅरेजात अशी गाडी उभी असेल, तर कामाला येईल. आणि शेजारी असा कुणी दादा असेल, तर आधी त्याच्याकडे जा.

पुढच्या हिवाळ्यात आई-आण्णा परत आले. गाडी सुरू केली. बॉनेटखालून बारीक, एकसारखी टिकटिक. आण्णांनी काच खाली घेतली, ऐकलं, काच वर केली.

"चल," म्हणाले, "पलाशी लांब आहे."

जय हिंद.